तेरच्या रस्त्यावर तापणारी गाडी

गाडी तापली की माणसं आधी बॉनेट उघडतात, मग रेडिएटरचं झाकण उघडतात आणि मग दवाखान्यात जातात. बेचाळीस वर्षं मी एकच सांगत आलो, झाकणाला हात लावू नका. इंजिन बंद करा, सावलीत बसा, अर्धा तास जाऊ द्या. आत दाबलेलं उकळतं पाणी असतं आणि वाट मिळाली की ते समोर कोण उभं आहे हे बघत नाही. माझ्या डाव्या मनगटावर पांढरा डाग आहे. लोकांना तो कोड वाटतो. उमेदवारीत घाईनं उघडलेल्या एका झाकणानं दिलेला आहे तो.

माझं गाव बेंबळी, पण गॅरेज धाराशिवात होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, कार, जे येईल ते मी केलं. तरी नाव झालं ते तापणाऱ्या गाड्यांसाठी. इंजिनाचं तापणं म्हणजे माणसाच्या तापासारखंच. ताप हा रोग नव्हे, रोग दुसरीकडंच असतो. इंजिनाभोवती पाणी फिरतं, उष्णता घेतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, तिथं वारा लागून थंड होतं आणि परत आत जातं. म्हणून मी तीनच प्रश्न विचारायचो. पाणी आहे का? पाणी फिरतंय का? पाण्याला वारा लागतोय का? यात उत्तर सापडलं नाही तरच इंजिन खोलायचं. बरेच मिस्त्री आधी इंजिन खोलतात, कारण गिऱ्हाइकालाही खोललेलं इंजिन बघून काम झाल्यासारखं वाटतं.

तामलवाडीच्या एका टेम्पोवाल्यानं दोन गॅरेजं फिरून माझ्याकडं गाडी आणली होती. मी नुसता समोर उभा राहिलो आणि हसलो. गड्यानं कुलदैवताची भलीमोठी फ्रेम पुढच्या जाळीवर तारेनं आवळून बांधली होती. वारा आत जाणार कुठून? देव काढायला तो तयार होईना. शेवटी आम्ही देव टपावर बसवला. गाडी परत तापली नाही आणि त्याला वाटलं देव उंचावर गेल्यामुळं प्रसन्न झाला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला एकच गाडी आठवत राहिली. तिच्याबद्दल मी आजवर घरातही सगळं बोललेलो नाही.

शैला मॅडम तेरच्या पुढच्या एका गावात शाळेवर शिक्षिका आहेत. धाराशिवातून रोज एसटीनं जायच्या. पाठीचं दुखणं निघालं म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरली आणि त्या मला विचारायला आल्या. एजंटाकडं एक पांढरी डिझेल गाडी होती. पाहिली तर ती आबांची निघाली. आबा म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. त्यांचे दोन ट्रॅक्टर आणि जीप वीस वर्षं माझ्याच हाताखाली चालले. ही गाडी मात्र त्यांचा थोरला मुलगा विक्रम वापरायचा आणि ती दुरुस्तीला सोलापूरला न्यायचे. पुढचा बंपर नवा दिसला म्हणून मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "रोही आडवी आली होती हो, मिस्त्री. बाकी गाडी सोन्यासारखी आहे."

आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगाय, गाडीला आडवी येणं रोजचंच. मी मॅडमना सांगितलं, "डोळे झाकून घ्या."

चैत्र लागला आणि मॅडम गाडी घेऊन आल्या. गाडी तापते म्हणाल्या.

"कुठं तापते?"

"तेरच्या अलीकडं. सरळ रस्ता लागतो ना, तिथं. रस्त्याकडंला एक मोठी बाभळ आहे, बरोबर त्या बाभळीपाशी काटा लालवर जातो."

"रोज?"

"रोज नाही. शाळेला उशीर झाला असेल त्या दिवशी हमखास. आणि मिस्त्री, तिथं एक आजी राहते. ती घागर घेऊन येते. गाडीला पाणी द्यायला."

मी तीन प्रश्न लावले. पाणी होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, जरा आळसावल्यासारखी वाटली म्हणून बदलली. गाडी गॅरेजपुढं तासभर चालू ठेवली, गावातून दोन फेऱ्या मारल्या. काटा मध्यावरून हलला नाही. मॅडम खुश होऊन गेल्या. आठवड्यात परत आल्या. त्याच बाभळीपाशी. मग मी रेडिएटर धुतला, झाकण बदललं, पंखा तपासला. परत तासभर उभी गाडी चालवून बघितली. काही नाही. चार दिवसांनी फोन आला. त्याच बाभळीपाशी.

या वेळी त्यांचा आवाज बारीक होता. "मिस्त्री, शाळेतल्या बाया म्हणतात ती जागा चांगली नाही. मी असलं मानत नाही. पण आता ती बाभळ दिसायच्या आधीच माझं लक्ष काट्यावर जातं."

रविवारी दुपारी मी स्वतः गाडी चालवायला बसलो. मॅडम शेजारी. धाराशिव सोडल्यावर रस्ता खड्ड्यांचा, चाळिसाच्या वर जाता येत नाही. मग नवा डांबरी पट्टा लागतो, सरळ, तीन-चार किलोमीटर. मॅडम म्हणाल्या, "इथं मी पळवते." मीही ऐंशीवर नेली. उन्हानं पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. दोन्ही बाजूंना काढून झालेली रानं. माणूस नाही, गुरं नाहीत. काटा मध्यावर होता. मग तो हलला. मी एवढी वर्षं काटे बघितले, पण हा एखादा हात कुणी हळूच वर उचलावा तसा चढत होता. बाभळ दिसायला लागली आणि लाल दिवा लागला.

मी गाडी बाजूला घ्यायच्या बेतात होतो तेव्हाच ती मला दिसली. रस्त्यापासून शंभर पावलांवर झोपडी, तिच्यामागं मेंढरांचा वाडा. तिथून एक म्हातारी कमरेवर घागर घेऊन निघाली होती. आम्ही अजून थांबलोही नव्हतो.

मी इंजिन बंद केलं. ती आली आणि बॉनेटकडं बघत उभी राहिली. भागाबाई तिचं नाव. वय सत्तरीचं असेल. पाणी ओतायला पुढं झाली तसा मी हात आडवा केला. "मावशी, थांबा. तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकतं."

"मॅडम बी आसंच म्हनत्यात. मी बसते मग." ती बाभळीखाली बसली.

"तुम्ही गाडी थांबायच्या आधीच कशा निघालात?"

"वास आला की."

"कसला?"

"घोंगडं चुलीपाशी वाळत घातल्यावानी. ही गाडी आली की येतो. दुसऱ्या कुठल्या गाडीला न्हाय."

डिझेलनं माझं नाक कधीच मेलंय. मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, काहीतरी ओलसर वास येतो खरा, मला वाटलं एसीचा असेल. मी मनात म्हटलं, म्हातारीचा जन्म मेंढरांत गेला, तिला जगात लोकरीशिवाय दुसरा वास येणार कुठून? आणि विषय सोडून दिला. वारा तिच्या झोपडीकडून आमच्याकडं होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

अर्धा तास काढायचा होता म्हणून मी विचारलं, घरी कोण कोण असतं?

"मी आन् चाळीस मेंढरं. म्हातारा गेला पौषात. हितंच गेला, ह्या बाभळीखाली."

"कशानं?"

"गाडीनं. कुठल्या, ते कुनाला ठावं? धुकं लई हुतं. फाटंचं कुत्री भुकली म्हनून त्यो उठून भाईर आला. मला वाटलं आला आसंल परत, बसला आसंल वाड्यात. दिस वर आला, धुकं निवळलं, तवा दिसला." ती जमिनीकडं बोट करून थांबली. मग म्हणाली, "आंगावर घोंगडं हुतं. येक कोपरा तेवढा न्हवता. कुत्र्यानं वडला म्हनले समदे."

मॅडम उठून गाडीपासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. मी बॉनेट उघडून आत बघत राहिलो. पाणी होतं, पट्टा होता, पंखा फिरला होता. सगळं जिथल्या तिथं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चाळिसानंच आणली. काटा हलला नाही. तेव्हा कुठं मला माझी चूक कळली. मी प्रत्येक वेळी गाडी उभी ठेवून किंवा गावातून हळू फिरवून तपासली होती. रोग होता तो वेगातला. उभ्या गाडीला पंखा वारा देतो, पळत्या गाडीला रस्ता देतो. मग पळताना हा वारा अडतोय कुठं?

सोमवारी सकाळी मॅडमना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोरच बंपर उतरवला. पुढं एसीची जाळी असते, तिच्यामागं रेडिएटर. दोन्हींच्या मध्ये दोन बोटांची फट. खालून वारा घुसू नये म्हणून तिथं प्लास्टिकची पट्टी असते, ती दुरुस्तीत कुणी परत लावलीच नव्हती. फटीत बॅटरी मारली. तळाशी काळा चिखल दिसला. तारेचा आकडा करून खाली सोडला आणि ओढला, तर तो चिखल नव्हता. ते कापड होतं. खालच्या वाकलेल्या क्लिपमध्ये एक टोक घट्ट अडकलेलं.

हातभर लांब, जाड, काळ्या लोकरीचं. कडेला लाल दोऱ्यानं हातटाके घातलेले.

गाडी वेगात आली की खालून वारा शिरायचा, ते कापड शिडासारखं उभं राहायचं आणि रेडिएटरला चिकटायचं. गाडी बंद केली की आपल्या वजनानं खाली बसायचं, आणि मी बॉनेट उघडून बघायचो तर सगळं मोकळं. उशीर झालेल्या दिवशी मॅडम वेगात जायच्या म्हणून तेव्हाच तापायची. वेग धरल्यापासून लाल दिवा लागेपर्यंत जेवढा रस्ता संपतो, तेवढ्यावर ती बाभळ. सगळं गणित जुळलं. पण तेवढा रस्ता नेमका त्याच बाभळीपाशी का संपावा, हे गणित मात्र मला आजही सुटलेलं नाही. ते मी सोडून दिलंय.

मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी माझ्या नावावर आहे."

"हो."

"मी रोज तिच्यासमोर ही गाडी नेऊन उभी करत होते. ती पाणी आणत होती."

कापड मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. चार दिवस ठेवलं. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत ते जाळून टाकायचा विचार दोनदा माझ्या मनात आला. पुढं आबा होते, वीस वर्षांची ओळख होती, आणि मॅडम बिचाऱ्या विनाकारण अडकतील असं वाटत होतं. पाचव्या दिवशी मॅडमच गॅरेजात आल्या. डबा कुठंय, म्हणाल्या. आम्ही एसटीनं गेलो.

भागाबाईनं कापड हातात घेतलं, नाकाला लावलं आणि आत गेली. बाहेर आली ती घोंगडी घेऊन. जमिनीवर पसरली. एक कोपरा फाटलेला होता. तिनं तुकडा तिथं ठेवून हातानं सपाट केला. लाल टाक्याला लाल टाका मिळाला.

"ह्यो टाका म्या घातलाय," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी तिघं पोलीस ठाण्यात गेलो. पंचनामा झाला, गाडी जप्त झाली आणि आवारात जाऊन उभी राहिली. मॅडमना पुढं फार हेलपाटे पडले. नवऱ्याची बोलणीही खावी लागली. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. त्या परत एसटीनं जाऊ लागल्या, पाठीला पट्टा बांधून.

तिसऱ्या दिवशी आबा गॅरेजात आले. चहा नको म्हणाले. "मिस्त्री, एवढंच म्हणा की रस्त्यावरची चिंधी कुठूनही उडून अडकू शकते. खोटं तर नाही ना ते?"

"अडकू शकते, आबा. पण ही क्लिपमध्ये दाबली गेली होती. क्लिप वाकली तेव्हाच ती आत होती."

ते उठले. त्यांच्या पोरानं घरी काय सांगितलं होतं, त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचे ट्रॅक्टर माझ्या आवारातून गेले. एकाचं इंजिन अर्धवट खोललेलं होतं, ते तसंच ट्रॉलीत घालून नेलं.

आणि मग विक्रम आला. अटक होऊन जामिनावर सुटला होता. तिशीच्या आतबाहेरचा, दोन वर्षांच्या मुलीचा बाप. भर दुपारी, गॅरेजात कुणी नसताना आला आणि शटरपाशी उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, मी थांबलो होतो," तो म्हणाला.

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"सासरवाडीहून येत होतो. धुक्यात काही दिसलंच नाही. दणका बसला तसा थांबलो. उतरून मागं गेलो. तो उठून बसला होता, काका. घोंगडी पांघरून नीट बसला होता. मी म्हटलं, बाबा, लागलं का? बोलला नाही. हात हलवला असा." त्यानं हात वर करून दाखवला. "जा म्हणाला की ये म्हणाला, मला कळलं नाही. मी जा म्हणाला असं समजलो. दुपारी ऐकलं, तो गेला म्हणून. घरी मी रोही सांगितली होती. मग तेच सांगत राहिलो."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"वकील नको म्हणतात."

"मग मला का सांगतोस?"

मी शटर ओढलं, मोटारसायकल काढली आणि म्हटलं, बस मागं.

सरळ पट्टा लागला तसा तो माझ्या पाठीमागं आकसल्यासारखा झाला. भागाबाई वाड्याच्या दारात कोकराला पाजत होती. मी म्हटलं, "मावशी, हा विक्रम. गाडी हा चालवत होता." तिनं मान वर केली नाही. कोकरू बाजूला केलं, हात पदराला पुसले आणि मग त्याच्याकडं बघितलं. त्यानं सगळं सांगितलं. मला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, बहुतेक ते त्यानं मनात फार वेळा म्हटलं असावं. हात कसा हलवला तेही दाखवलं. शेवटी म्हणाला, "आजी, मला वाटलं त्यांनी जा म्हणून खूण केली."

ती त्या बाभळीकडं बघत राहिली. मेंढरांच्या खुरांचा आवाज तेवढा येत होता.

"बसला हुता न्हवं त्यो?" तिनं विचारलं.

"हो."

"तोंड कुनीकडं हुतं त्याचं?"

विक्रमनं मागं वळून बाभळीकडं पाहिलं, मग झोपडीकडं. त्याचा हात आपोआप झोपडीकडं गेला.

पुढं त्यानं हेच कोर्टात कबूल केलं, खटला अजून चालू आहे, माझी साक्ष झाली आहे. पण त्या दुपारी आम्ही दोघं तिथं उभे होतो आणि ती काय बोलते याची वाट बघत होतो. शिव्या देईल असं वाटत होतं. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग त्यो हात तुला न्हवता केला, बाबा," भागाबाई म्हणाली, आणि कोकराला उचलून आत गेली.